डोळ्याआडची सृष्टी

जे मी रोज बनवते ते मी कधी पाहिलेलं नाही, आणि पाहीन अशी आशाही नाही. त्या प्रकाशाचा रंग तांबड्याच्या पलीकडचा, माणसाचा डोळा जिथे हात टेकतो तिथला. आणि तो टिकतो किती, तर एका सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग. लेसर उभे करायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे, हे माझं काम. तेही अशा लेसरचं, ज्यांतून सलग झोत येत नाही, नुसते सुटे सुटे क्षण येतात. आम्ही त्यांना पल्स म्हणतो. आमचे अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. संध्याकाळी घरी आले की दिवसभरात काय घडवलं ते बोटांनी हवेत काढून दाखवायचे: एवढा बोअर, अशी कड, इथे जरा घासलं. मला घरी आल्यावर हवेत काहीच काढून दाखवता येत नाही.

राहते नाशकात. काम कधी इथल्याच एखाद्या डोळ्यांच्या इस्पितळात, कधी पुण्यातल्या प्रयोगशाळेत, कधी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला. कसाऱ्याच्या घाटात गाडी रेंगाळते तेव्हा पासवाल्यांचा जीव खालीवर होतो. मला तेव्हा माझ्या धंद्याचं माप आठवतं. ते माप फेम्टोसेकंदाचं. ते किती लहान, हे मला कागदावर कधी नीट कळलं नाही, पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर बसल्यावर कळलं. एक फेम्टोसेकंद ताणून पूर्ण सेकंदाएवढा केला, तर त्याच हिशेबाने आपला साधा सेकंद होतो सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांचा. पायाखालचा हा काळा दगड लाव्हा होऊन वाहत होता त्याला साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली. म्हणजे त्रिरश्मीचा हा डोंगर, समोर दिसणारं शहर ज्यावर वसलंय तो कातळ, तिकडे ब्रह्मगिरी, सगळ्यांचं वय दोन सेकंदांच्या जरासं वर. लेणी खोदली त्याला दोनच हजार वर्षं झाली. ती या हिशेबात धरायलाच नकोत. काळ असा दोन्ही बाजूंना अफाट पसरलेला आहे आणि मधल्या एवढ्याशा फटीला डोळा लावून आपण म्हणतो, जग दिसतंय.

प्रयोगशाळेत शिरण्याआधी चपला बाहेर, मोबाइल बाहेर. अंगठी, बांगड्या आणि मनगटी घड्याळही बाहेर, कारण चकचकीत धातूवरून बीम कुठे उडेल याचा नेम नाही. वेळेचं काम करायला निघालेल्या माणसाने घड्याळ दारात काढून ठेवायचं, याची मला अजूनही गंमत वाटते. आत खिडकी नसते. चिलरची घरघर, हवेच्या गाळणीचा एकसुरी आवाज आणि हवेच्या पायांवर तरंगणारं लांबरुंद पोलादी टेबल. त्याला टेकायचं नाही, त्यावर चहा ठेवायचा विचारही करायचा नाही. तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी आरसे धरून ठेवणारे धातू फुगतात आणि काल लागलेला बीम आज भलतीकडे जातो. नाशकात एप्रिलच्या दुपारी वीज जाऊन परत आली की खोली मूळ पदावर यायला तास जातात. तेवढा वेळ काही करायचं नसतं. काही न करता बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि ते कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

दुसरं कौशल्य डोळे मिटण्याचं. बीम टेबलाच्या वर वीतभर उंचीवरून आडवा चाललेला असतो, म्हणून त्या उंचीला डोळा कधी न्यायचा नाही. खाली स्क्रू पडला तर वाकताना तोंड फिरवायचं आणि डोळे घट्ट मिटायचे. गॉगल असला तरी. मग जमिनीवर बोटांनी चाचपायचं. नव्या पोरांना हे हास्यास्पद वाटतं. इतक्या महागड्या यंत्रांच्या मध्ये आम्ही रांगत, आंधळेपणाने एक स्क्रू शोधत असतो.

यंत्राच्या पोटात एक गुलाबी स्फटिक असतो, बोटाच्या पेराहूनही छोटा: टायटेनियम मिसळलेला सफायर. एका बाजूने त्यात हिरवा लेसर सोडायचा. स्फटिक तो हिरवा पितो आणि तांबड्यापलीकडचा प्रकाश देऊ लागतो. पण हा प्रकाश सलग असतो, त्यात पल्स नसतो. तो यायला मोड लॉक व्हावा लागतो.

मोड लॉक म्हणजे काय हे मी हल्ली समीकरणांनी समजावत नाही, नाशिक ढोलाने समजावते. श्रावणात संध्याकाळी पथकांचे सराव सुरू होतात. सुरुवातीला पन्नास-साठ ढोल आपापल्या मर्जीने वाजत असतात. होतो तो नुसता गलका, सपाट, न थांबणारा. मग ताशा लय धरतो, एकेक ढोल तिच्यात येऊन मिळतो आणि एका क्षणी सगळ्यांचा ठोका एकत्र पडतो. मध्ये शांतता, पुन्हा ठोका, थेट छातीत. ढोल तेवढेच, हात तेवढेच. पण गलक्यात पसरलेला सगळा जोर आता त्या एका ठोक्यात गोळा झालेला. लेसरच्या आरशांमध्ये चाळीसेक हजार वेगवेगळ्या कंपनांच्या लहरी एकाच वेळी नांदत असतात. त्या आपापल्या तालात चालल्या तर प्रकाश सलग दिसतो. सगळ्या एका तालात आल्या की पल्स जन्मतो. आणि जितक्या जास्त लहरी सामील होतील तितका ठोका आखूड.

ताशाचं काम इथे तो स्फटिक स्वतःच करतो. प्रकाश फार तीव्र झाला की स्फटिकाचा गुण क्षणभर बदलतो आणि तो त्या प्रकाशाला आपसूक एकवटतो. विखुरलेल्या प्रकाशाला आरशांमध्ये थारा मिळत नाही, एकवटलेल्याला मिळतो. १९९१ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात विल्सन सिबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे घडताना पाहिलं. कारण नीट उमगेपर्यंत त्याला जादूचं मोड लॉकिंग असंच म्हटलं जाई. जादू सुरू करायचा मंत्रही तितकाच साधा: आरशाच्या धारकाला मागून एक टिचकी. आजही कितीतरी यंत्रांना तीच लागते. टिचकी मारायची आणि पडद्याकडे पाहायचं. सुईसारखा उभा असलेला वर्णपट एकदम फुगून टेकडीएवढा पसरला की समजायचं, लागला. जोरात मारली तर सगळं हलतं, हळू मारली तर काहीच होत नाही. किती जोराने, ते सांगता येत नाही. बोटाला माहीत असतं.

एकदा लागला की तो सेकंदाला आठ कोटी पल्स सोडत बसतो. ऐकायला गर्दी वाटते, पण हिशेब करून बघा: एक पल्स एक सेकंदाचा धरला तर पुढचा येतो सुमारे ३५ तासांनी. दीड दिवस अंधार, मग सेकंदभर उजेड. आम्ही ज्याला प्रकाशाचं यंत्र म्हणतो त्यात बहुतेक काळ अंधारच असतो.

आता हा पल्स खरंच शंभर फेम्टोसेकंदांचा आहे की तीनशेचा, हे कसं ठरवायचं? कुठल्याही गोष्टीला मोजायला तिच्याहून बारीक माप लागतं. एवढ्या वेगाने उघडझाप करणारी विजेची मापनयंत्रं नाहीत. ती फार मंद. मग तोडगा असा निघाला की पल्सला पल्सनेच मोजायचं. एका अर्धपारदर्शक आरशाने त्याचे दोन सारखे तुकडे करायचे, एकाला जरा लांबच्या वाटेने पाठवायचं आणि दोघांना एका पातळ स्फटिकात भेटवायचं. दोघे एकाच वेळी पोचले तरच त्या दोघांच्या मधोमध तिसरा, निळा प्रकाश निघतो. चुकामूक झाली तर नाही. वाटेची लांबी हळूहळू बदलत जायची आणि निळा कधी उगवतो, कधी मावळतो ते टिपत राहायचं. ऑटोकोरिलेशन म्हणतात याला. कार्डावर उमटणारा तो निळा ठिपका हाच काय तो माझ्या डोळ्यांना मिळणारा पुरावा.

वाट बदलायची तर एक आरसा स्क्रूने मागेपुढे करावा लागतो. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला. निवृत्तीनंतरही त्याला तेल लावून ठेवलेलं.

"हा शतांश मिलिमीटर दाखवतो," ते म्हणाले. "तुझ्या प्रकाशाला तेवढ्याला किती वेळ लागतो?"

"तेहतीस फेम्टोसेकंद. आणि आरशावरून परत यायचं म्हटलं तर दुप्पट."

त्यांनी मनाशी हिशेब केला. "म्हणजे तीस वर्षं मी फेम्टोसेकंदातच काम केलं. आमच्याकडे त्याला अंतर म्हणायचे, एवढंच." आणि थोडं थांबून, "पगार मात्र तासावर होता."

मला हे त्यांच्याकडून ऐकेपर्यंत इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. शंभर फेम्टोसेकंदांचा पल्स म्हणजे हवेतून धावणारी तीस मायक्रॉन जाडीची प्रकाशाची चकती, केसाहून पातळ. वेळ जेव्हा हाताच्या आवाक्याबाहेर जातो तेव्हा त्याला अंतर करून हातात घ्यायचं. सातपूरच्या कुठल्याही चांगल्या फिटरला हे पटकन समजेल.

पण या मापनात एक खोट आहे आणि ती मला यंत्राबाहेरही छळते. ऑटोकोरिलेशनचा आलेख नेहमी दोन्ही बाजूंनी सारखा येतो. पल्स वाकडा असो, पुढे उभा चढ आणि मागे लांब शेपूट असो, आलेख आपला देखणा, डावीउजवी बरोबर. कारण उघड आहे: पहिला तुकडा दुसऱ्याच्या पुढे असो की मागे, भेट तीच. स्वतःला स्वतःशीच ताडून पाहिलं की सगळेच प्रमाणबद्ध दिसतात. कितीतरी दिवस त्या सुंदर टेकडीवर भागलं. मग १९९३ साली डॅनियल केन आणि रिक ट्रेबिनो यांनी भेटीतून निघणाऱ्या प्रकाशाची नुसती तीव्रता न पाहता त्याचे रंगही वेगळे करून पाहिले. कुठला रंग आधी आला, कुठला मागे रेंगाळला, हे कळलं आणि पल्सचा खरा चेहरा हाती लागला. हल्ली कुणी आपल्या आयुष्याची गोष्ट फारच नीटस सांगू लागलं की मला तो आलेख आठवतो. माणूस खोटं बोलत नसतो. फक्त त्याने स्वतःला स्वतःपुढेच धरलेलं असतं.

या पल्सची ताकद वाढवायची म्हटलं की नवी पंचाईत. ज्या गुणामुळे स्फटिक प्रकाशाला एकवटतो आणि पल्स जन्माला येतो, तोच गुण ताकद वाढली की जिवावर उठतो. प्रकाश इतका एकवटतो की स्फटिकच फुटतो. १९८५ साली रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मुरू यांनी यावर वाट काढली. पल्सला आधी ताणून लांब आणि दुबळा करायचा. मग त्या दुबळ्या अवस्थेत त्याला ऊर्जा पाजायची, कारण आता तो कुणाला इजा करत नाही. आणि शेवटी, सगळी ऊर्जा पोटात गेल्यावर, पुन्हा दाबून आखूड करायचा. २०१८ साली दोघांना यासाठी नोबेल मिळालं. स्ट्रिकलंड या भौतिकीचं नोबेल मिळवणाऱ्या तिसऱ्याच बाई. दुसऱ्या होऊन तेव्हा ५५ वर्षं झाली होती.

शेवटचं ते दाबणं ज्या जाळ्यांवर होतं त्यांना ग्रेटिंग म्हणतात. काचेवर सोन्याचा मुलामा आणि मिलिमीटरला हजारावर रेघा. ती इतकी सुंदर दिसते, वळवावी तशी इंद्रधनुष्यं सांडते, की नवखा हात नकळत पुढे जातो. तिला बोट लागलं की संपली. पुसायची सोय नाही. पुसलं की रेघाच मोडतात. म्हणून ती बसवताना मी श्वाससुद्धा बाजूला सोडते. तिच्यातून जे बाहेर पडतं त्याचा हिशेब असा: एका पल्समध्ये एक मिलिज्यूल ऊर्जा. शंभर ग्रॅम द्राक्षं एक मिलिमीटर उचलायला लागते तेवढी. पण ती ३५ फेम्टोसेकंदांत खर्च होते, म्हणून त्या क्षणापुरती शक्ती भरते अठ्ठावीस हजार मेगावॅटच्या वर. आमच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राची क्षमता ६३० मेगावॅट. म्हणजे पंचेचाळीस एकलहरे, आणि काम मात्र मूठभर द्राक्षं कणभर हलवण्याचं.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी इस्पितळात नेते. निफाडकडची एक मुलगी चष्मा घालवायला आली होती, लग्न ठरलेलं. यंत्राची तपासणी आटोपून मी हत्यारं आवरत होते. "ताई, चटका बसतो का हो?" तिने विचारलं. नाही बसत, आणि का नाही बसत हीच यातली मेख आहे. उष्णता पसरायला वेळ लागतो. हा पल्स त्याआधीच संपलेला असतो. जिथे पडला तिथलं द्रव्य सुटं होतं, शेजाऱ्याला पत्ता नसतो. डोळ्याची पुढची पारदर्शक काच, डॉक्टर जिला कॉर्निया म्हणतात, ती मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पल्स तिच्या वरच्या थरातून काही न करता पार होतो आणि आत ठरलेल्या खोलीवरच बारीकसा बुडबुडा करतो, कारण तिथेच प्रकाश इतका दाटतो की अनेक फोटॉन एकाच रेणूवर एकदम पडावेत. दोन फोटॉन असे मिळून एकच काम करू शकतात, हे मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात मांडलं होतं. ते दिसायला लेसरचा शोध लागून १९६१ उजाडावं लागलं. भौतिकीतल्या दुसऱ्या नोबेलविजेत्या त्याच.

आणि या पल्सला डोळ्याची वाट दाखवली ती एका अपघाताने. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगन विद्यापीठात लेसर जुळवताना एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात पल्स गेला. तपासणाऱ्या रॉन कुर्ट्झ या तरुण डॉक्टरला डोळ्यामागच्या पडद्यावरच्या जखमा इतक्या नेटक्या, इतक्या गोल दिसल्या की तो चकित झाला. असं कापणारं शस्त्र शस्त्रक्रियेला का वापरू नये, असं त्याच्या मनात आलं. वाकताना डोळे मिटायचा नियम मी इतक्या कडकपणे का पाळते आणि इस्पितळातलं यंत्र मी इतक्या मायेने का जुळवते, दोन्हीचं मूळ एकाच गोष्टीत आहे.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला, नाशकातच १९४४ साली गेलेला हा माणूस मला माझ्या धंद्यातला वाटतो. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त काळ थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर मिनिटभरात दाण्याला कोंब फुटून वेल वाढला. भांडवल घालणाऱ्याला तो वाटाणा पाहून भरवसा आला. चित्रपटांच्या त्या ध्यासात फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी परत आली. डोळ्याला न दिसणारं दाखवायच्या नादात डोळेच पणाला लावलेले.

आमची रीत तीच, टोक दुसरं. रेणू तुटताना पाहायचा तर एका पल्सने त्याला धक्का द्यायचा आणि जरा उशिरा येणाऱ्या दुसऱ्या पल्सने त्याची छबी घ्यायची. मग नवा रेणू, तोच धक्का, उशीर थोडा वाढवून पुढची छबी. अशा चौकटी जोडल्या की चित्रपट तयार. अहमद झेवैल यांनी कॅल्टेकमध्ये १९८७ साली याच रीतीने रेणूतला बंध सुमारे २०० फेम्टोसेकंदांत तुटताना टिपला. १९९९ चं नोबेल त्यासाठी. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी असाच मागाहून येणारा पल्स वापरून लेसरने पेटवलेल्या प्लाझ्मातली चुंबकीय क्षेत्रं मोजली, २००२ साली. पृथ्वीचं चुंबकत्व अर्ध्या गॉसच्या आसपास; तिथे ते दशलक्षावधी गॉसवर जाऊन काही पिकोसेकंदांत विरलं. वाटाणा फार सावकाश म्हणून दिसत नव्हता, हे फार झटपट म्हणून.

अण्णांना गेल्या वर्षी मोतीबिंदू झाला. मला वाटलं होतं, ते माझ्या यंत्राचा हट्ट धरतील. डॉक्टरांनी दोन्ही पद्धती समोर ठेवल्या आणि सरळ सांगितलं की तुमच्या डोळ्याला नेहमीची फेको शस्त्रक्रिया पुरेशी आहे, फेम्टोने खर्च वाढेल, नजरेत फारसा फरक पडणार नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरोबर आहे. "मग यांच्या हाताने होऊ दे," ते म्हणाले. "मी हात बघितलाय त्यांचा. थरथर नाही."

पट्टी निघाल्यावर मी त्यांचं सांत्वन करावं तसं म्हणाले की भिंग कसंही बसवा, खरी करामत त्याच्या मागे आहे. डोळ्यात प्रकाश शिरला की पडद्यातला रेटिनल नावाचा रेणू वळतो, तिथून दिसायला सुरुवात होते; आणि ते वळणं सुमारे २०० फेम्टोसेकंदांत उरकतं, हे १९९१ साली अशाच लेसरने मोजलंय. ज्या क्षणाला डोळा पाहू शकत नाही, त्याच क्षणात त्याचं पाहणं सुरू होतं.

"म्हणजे तुझं यंत्र माझ्या डोळ्यात जन्मापासून आहे," अण्णा म्हणाले. "आणि त्याला सर्व्हिसही लागत नाही."

"लागते की. वळलेला रेणू पूर्ववत व्हायला मिनिटं लागतात, आणि सगळे पूर्ववत व्हायला अंधार लागतो. तुम्ही रात्री बारापर्यंत टीव्ही बघता."

त्यांनी ते ऐकलं, पटल्यासारखी मान हलवली आणि रिमोट कुठे ठेवलाय ते विचारलं.